शनिवारची फुलं

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आपण 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतो. शाळेत त्यांची कविता शिकताना हे बिरुद हटकून कानावर पडायचं. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं अहमदनगरला काढली. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तून ते नगर पुष्कळजणींना भेटलेलं असेल. मी त्याच नगरची सून. शहराचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण आमच्या बोलण्यात अजून नगरच येतं. आज ज्यांच्याविषयी लिहिणार आहे, त्या बाईंनी आयुष्यात कवितेची एक ओळ लिहिली नाही. पण फुलं आणि मुलं हेच त्यांचं जग होतं. आणि त्या जगाचा मालक कोण, याविषयी त्यांच्या मनात कधीच शंका नव्हती.

आमच्या गल्लीत सगळे त्यांना सिस्टरआजी म्हणत. छत्तीस वर्षं नर्सची नोकरी केली, म्हणून सिस्टर. आणि गल्लीतल्या दोन पिढ्यांची सर्दीपडसी, गोवर-कांजिण्या पाहिल्या, म्हणून आजी. गेल्या वर्षी, शहाऐंशीव्या वर्षी त्या गेल्या.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. त्यामुळे इथे चार-चार, पाच-पाच पिढ्यांची ख्रिस्ती घराणी आहेत. घरात मराठी बोलणारी, बाजरीची भाकरी खाणारी, नाताळाला करंज्या करणारी. आजी अशाच घरातल्या. नऊवारी त्यांच्या आईची, पाचवारी त्यांची. एकेचाळिसाव्या वर्षी नवरा गेला. एक मुलगा, तो शिकून पुण्याला नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. नगरला राहिल्या त्या आजी, त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर, आणि घराभोवतीची तीन गुंठे जागा.

त्या तीन गुंठ्यांत काय नव्हतं! फाटकाशी पारिजातक, भिंतीला बोगनवेल, विहिरीकडच्या कडेला जास्वंद, तगर आणि कण्हेर. मधल्या वाफ्यांत गुलछडी, शेवंती, अष्टर, झेंडू. मोरीच्या पाण्यावर अळू, कढीपत्ता आणि गवती चहा. गावठी गुलाबाची अकरा झाडं तर लेकीसुनांसारखी ओळीनं उभी. नगरला पाऊस कमी, उन्हाळा कडक. इथे एवढी बाग राखायची म्हणजे हौस पुरत नाही, रोजचा नेम लागतो.

मी २०१२ साली लग्न होऊन या गल्लीत आले. पहिल्याच गणपतीच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "सकाळी सिस्टरबाईंकडून जास्वंदी आण." मला नवल वाटलं. गणपतीची फुलं ख्रिस्ती घरातून? सकाळी गेले तर फाटकाशी टोपली तयार. ओल्या फडक्याखाली लाल जास्वंदी, दूर्वांच्या जुड्या, वर दोन पांढरी तगरीची फुलं. गल्लीतल्या सहा घरांच्या सहा पुड्या वेगळ्या बांधलेल्या.

"तू नवी सून ना? ही तुमची पुडी. आणि ऐक पोरी, फुलं लागली की दारातून हाक मार. अंधारात हात लावायचा नाही आणि मुका कळा तोडायचा नाही. एवढंच."

दुपारी सासूबाईंनी प्रसादाचा शिरा वाटीत घालून माझ्या हातानं पाठवला. आजींनी वाटीकडे पाहिलं आणि अगदी साधेपणानं म्हणाल्या, "शिरा मला फार आवडतो. पण नैवेद्याचा मी घेत नाही गं. पुढच्या खेपेला देवाला दाखवायच्या आधी माझी वाटी काढून ठेव. मी पोटभर खाईन."

मी वाटी घेऊन परत आले. सासूबाईंना ते लागलं. "आमच्या देवाला यांची फुलं चालतात, आणि यांना आमच्या देवाचा प्रसाद चालत नाही म्हणजे काय?" तीन दिवस घरात हाच विषय. चौथ्या दिवशी कुणीही काही न सांगता, भाजी निवडता निवडता त्या आपणहून म्हणाल्या, "तिचं तिला. मी तरी एकादशीला कुणाच्या घरचं घेते?" आणि पुढच्या सणापासून नैवेद्याच्या आधी एक वाटी बाजूला निघू लागली. संक्रांतीचे तिळगूळ असोत की दसऱ्याची खीर असो, 'सिस्टरबाईंची वाटी' हा आमच्या स्वयंपाकघरातला शब्दच होऊन गेला.

आजींना दुसऱ्या बाजूनंही ऐकून घ्यावं लागत होतं, हे मला पुढे कळलं. त्यांच्या चर्चमधल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी उपासना सुटल्यावर पायऱ्यांवरच त्यांना विचारलं होतं, "बाई, तुम्ही मूर्तीच्या पूजेला फुलं पुरवता म्हणे?" आजी म्हणाल्या, "गेल्या रविवारी मेजावरच्या ज्या फुलांना तुम्ही सुंदर म्हणालात ना, ती त्याच झाडांची. फुलं देवानं फुलवली, मी नुसतं पाणी घातलं. दारात मागायला आलेल्याला नाही म्हणायचा हक्क मला कुठून आला?" हे मला सांगताना त्या हसत होत्या. पण नंतर थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, "त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र त्यांच्या मिसेसच्या वाढदिवसाला गुलाब पाठवले." दोन्हीकडचं बोलणं खाऊन दोन्हीकडची दारं उघडी ठेवायची, हे वाचायला सोपं वाटतं. एकट्या बाईनं ते तीस-चाळीस वर्षं केलं होतं.

आजींच्या आठवड्याला खरा जोर यायचा शनिवारी. रविवारच्या उपासनेची फुलं त्यांची. पगार नाही, कुणी नेमलेलं नाही. तरुणपणी एकदा अंगावर घेतलेलं काम ते. दुपारी चर्चच्या दोन पितळी फुलदाण्या घरी यायच्या. चिंच आणि राखेनं त्या इतक्या लख्ख घासायच्या की तोंड दिसावं. ऊन उतरलं की आजी कात्री घेऊन बागेत. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, शनिवारी सकाळची शाळा असते. त्यामुळे पुष्कळदा मी मदतीला असे. फुलं तोडायची रीत मी त्यांच्याकडून शिकले. दांडी तिरकी कापायची, म्हणजे पाणी जास्त शोषते. पाण्यात बुडेल तेवढ्या भागाची पानं काढून टाकायची, नाहीतर ती कुजतात आणि पाणी नासतं. तोडलेली फुलं लगेच सजवायची नाहीत. रात्रभर न्हाणीघराच्या गारव्यात, बादलीभर पाण्यात गळ्यापर्यंत उभी करायची. सकाळी ती अशी ताठ होतात की दुपारपर्यंत मान टाकत नाहीत. लग्नकार्याला, हळदीकुंकवाला घरी फुलं सजवणाऱ्या मैत्रिणींनी हे जरूर करून पाहावं.

रविवारी पहाटे बादली घेऊन त्या निघायच्या. उपासनेला लोक जमायच्या आत फुलदाण्या मेजावर, एक लहानशी वाटी खिडकीत. मग पदर डोक्यावरून घेऊन तिसऱ्या बाकावर. टिळकांची कितीतरी गीतं उपासनेत भजनाच्या चालीवर म्हणतात. आजींचा आवाज काही गोड नव्हता, पण शब्द पाठ होते. पुस्तक उघडायची त्यांना गरजच नव्हती.

बागेचं त्यांचं कॅलेंडर म्हणजे चर्चचं कॅलेंडर. शेवंतीची रोपं उन्हाळा संपता संपता लावायची, श्रावणात शेंडे खुडायचे, म्हणजे फुटवे जास्त येतात आणि पिकाच्या उपकारस्तुतीपासून नाताळापर्यंत फूल हटत नाही. मोगऱ्याची छाटणी जानेवारीत, त्याआधी थोडे दिवस पाणी तोडायचं; मग मार्चपासून कळ्या धरतात आणि ईस्टरला ओंजळी भरतात. उपकारस्तुतीच्या रविवारी लोक शेतातली कणसं, भोपळे, अंडी, कोंबड्या आणून वाहतात आणि मग त्यांचा लिलाव होतो. आजी अळूच्या जुड्या आणि गवती चहा न्यायच्या. एका साली गवती चहाची जुडी दीडशे रुपयांना गेली. हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा, की जणू एखादं मेडलच मिळालंय.

शास्त्रातल्या बागांच्या गोष्टीही त्यांना फार प्रिय. डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं रानातल्या फुलांचा दाखला दिला आहे. मराठी शास्त्रात त्यांना 'भूकमळे' म्हटलं आहे. माझ्या मुलीनं विचारलं, "आजी, भूकमळ म्हणजे कोणतं फूल?" आजी म्हणाल्या, "ज्याला माळी लागत नाही ते. नगरला ते सापडायचं नाही बाळा, इथे झेंडूलासुद्धा माळी लागतो!" पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेशी रडणाऱ्या मरियेला येशू आधी माळीच वाटला, ही गोष्ट तर त्यांनी मला कितीदा सांगितली असेल. "बघ, तिला राजा नाही वाटला, शिपाई नाही वाटला. माळी वाटला. म्हणजे हात मातीचे असणार ना?"

पण आजी मला खऱ्या कळल्या त्या २०१६ च्या उन्हाळ्यात. त्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, आठवत असेल. आमच्याकडे नळ दिवसाआड, तोही अर्धा-पाऊण तास. आजींच्या विहिरीनं मार्चमध्येच तळ गाठलेला. एवढी बाग जगणं शक्यच नव्हतं. एका सकाळी पाहिलं तर आजी जुन्या पांढऱ्या पातळाच्या पट्ट्या फाडून काही झाडांना बांधत होत्या. अकरा गुलाबांपैकी तिघांना पट्टी. मोगऱ्याच्या एका वेलाला. पारिजातक, जास्वंद, कढीपत्ता यांना. लॉनचा तुकडा, अष्टर, बाकीचे आठ गुलाब यांना काही नाही.

"हे काय आजी?"

"पट्टी ती पाण्याची. बाकीच्यांना प्रार्थना."

वाक्य विनोदी होतं, पण त्या हसल्या नाहीत. मग ओट्यावर बसून त्यांनी ७२ सालची गोष्ट सांगितली. १९७२ च्या दुष्काळात त्या एका खेड्यातल्या दवाखान्यात होत्या. लोक खडी फोडायच्या कामावर. खायला लाल मिलोची भाकरी आणि सरकारी सुकडी. पोटुशा बायासुद्धा कामावर. दवाखान्यात दिवसाला दोन हंडे पाणी यायचं. "त्यात हात धुवायचे, सुया उकळायच्या, पोरांना पाजायचं. कुणाला आधी, कुणाला नाही, हे मला ठरवायला लागायचं. मी तेव्हा चौतिशीचीही नव्हते. रात्री देवाशी भांडायचे. तू ठरव ना, म्हणायचे, माझ्यावर का टाकतोस?" जरा थांबून म्हणाल्या, "त्यानं उत्तर नाही दिलं. सकाळी परत दोन हंडे आले. मग कळलं, हेच उत्तर. आहे तेवढं नीट वाट."

त्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हा सगळ्याजणींना पाणी वाटायला शिकवलं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी एका बादलीत, ते थेट कुंड्यांना. भांड्यांचं पहिलं खरकटं पाणी मोरीला, दुसरं खळबळलेलं अळूला. आणि मडक्याची युक्ती. भाजलेलं, पण न रंगवलेलं मातीचं मडकं झाडाच्या बाजूला गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकणी ठेवायची. मडकं हळूहळू पाझरतं, मुळं तिकडे वळतात आणि वरून ओतलेल्या पाण्यासारखं ते उन्हानं उडून जात नाही. झाडाच्या बुडाशी वाळल्या पानांचा थर घालायचा. एका मडक्यावर जास्वंदीचं झाड तीन-चार दिवस आरामात निघतं. आमच्या सासूबाईंनी कुंभारवाड्यातून डझनभर मडकी आणवली आणि गल्लीत वाटली. पांढऱ्या पट्टीचं एकही झाड त्या उन्हाळ्यात गेलं नाही. आठ गुलाब मात्र गेले. जूनमध्ये आजींनी ते स्वतःच्या हातानं उपटले आणि त्या जागी पुन्हा गुलाब लावले नाहीत, सदाफुली लावली. "चूक माझी नाही आणि त्यांचीही नाही," एवढंच म्हणाल्या.

२०२० च्या मार्चमध्ये चर्च बंद झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शनिवारच्या फुलांना जायला जागा उरली नाही. मला वाटलं, आजी खचतील. पण शनिवारी संध्याकाळी बादली नेहमीसारखीच भरली आणि रविवारी सकाळी फुलदाण्यांऐवजी काचेच्या बरण्या फाटकाच्या कट्ट्यावर ओळीनं मांडल्या गेल्या. शेजारी पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'ज्याला हवी त्यानं न्यावी.' पहिले दोन रविवार भीतीपोटी कुणी हात लावला नाही. तिसरा रविवार ईस्टरचा होता, १२ एप्रिल. दरवर्षी या पहाटे नगरची ख्रिस्ती मंडळी दफनभूमीत जमून उपासना करतात. त्या वर्षी आजी आपल्या बागेत एकट्याच उभ्या राहून मोठ्यानं गात होत्या. ऐंशी ओलांडलेला तो थरथरता आवाज. गल्लीत एकेक खिडकी उघडली. गाणं संपल्यावर दूधवाला पुढे झाला आणि त्यानं मोगऱ्याची पहिली बरणी उचलली. त्याची आई आजारी होती. त्यानंतर बरण्या कधी उरल्या नाहीत.

शेवटची दोन वर्षं आजींचे गुडघे साथ देईनात. मुलगा दर महिन्याला यायचा, 'पुण्याला चल' म्हणायचा. वाईट नव्हता तो. आईची काळजी खरी होती. पण जागेला चांगला भाव येतोय, हेही तो बोलून दाखवायचा, आणि तेही खरंच होतं. सासूबाई एकदा चिडून म्हणाल्या, "तुम्ही लिहून ठेवा, बाग मोडायची नाही म्हणून." आजींनी मान हलवली. "त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, दोन मुली शिकायच्या आहेत. मी मेल्यावर माझ्या गुलाबांचं ओझं त्याच्यावर कशाला? जिवंतपणी माझं मी बघते."

आणि त्यांनी खरोखरच बघितलं. त्या पावसाळ्यात दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना भोकं पाडून त्यात माती भरायचं काम आमच्या ओट्यावर सुरू झालं. मुलं माती भरायची, आजी फांद्या कापून लावायच्या. जास्वंद, मोगरा, तगर, गुलाब. शेवंतीचे फुटवे, गुलछडीचे कंद. फुटलेलं एकेक रोप एकेका घरी गेलं. कुणाला काय द्यायचं ते त्या घराचं ऊन पाहून ठरायचं. आमच्या पूर्वेच्या गॅलरीत गुलछडी. कोपऱ्यावरच्या खालाजानच्या अंगणात मोगरा, कारण तिथे दिवसभर ऊन. वरच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याला सदाफुली, कारण "दोघंही नोकरीवाले, पाणी घालायला विसरणार". अट एकच, आलेल्या रोपापासून दोन रोपं करून दुसऱ्यांना द्यायची. पुढच्या पावसाळ्यातही तेच. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाची हौस आहे. त्या बाग मोडत नव्हत्या, हलवत होत्या, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात त्या झोपेतच गेल्या. दफनभूमीत नेताना शेवंती ऐन भरात होती. गल्लीतल्या घराघरांतून फुलं आली. सगळी त्यांच्याच झाडांची लेकरं.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. हातात शाळेची दोनशे पानी वही. "आईनं ही तुम्हाला द्यायला सांगितलं होतं." आत आजींच्या वळणदार अक्षरात आखलेला तक्ता. एकूण अकरा घरं. प्रत्येकापुढे कोणतं झाड, ते कोणत्या महिन्यात फुलतं आणि महिन्यातला कितवा शनिवार. त्या अकरांतली ख्रिस्ती घरं तीन. खाली एवढंच लिहिलेलं होतं की फुलदाण्या घासायला चिंच घ्यावी, लिंबू घेऊ नये.

वही पाहून सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून त्यांनी चिंच भिजत घातली.

काही महिन्यांनी जागा विकली गेली. यंत्र आलं, पारिजातक दहा मिनिटांत आडवा झाला. आता तिथे चार मजले उभे राहताहेत आणि खाली गाड्यांसाठी जागा होणार आहे. आजींच्या मुलाला मी दोष देत नाही; आजींनीही दिला नव्हता. पण पारिजातकाच्या बिया सासूबाईंनी वेळीच वेचून ठेवल्या होत्या. दोन उगवल्या आहेत.

वहीतला तक्ता अजून चालू आहे. मध्यंतरी एक-दोन शनिवार चुकले, एकदा खालाजानकडे लग्न होतं, एकदा कोपऱ्यावरच्या घरी मुलांच्या परीक्षा होत्या. तेव्हा शेजारच्या घरानं भरून काढलं. महिन्याचा तिसरा शनिवार आमचा. माझी मुलगी आता शिक्षिकेच्या थाटात मला सांगते, "आई, दांडी तिरकी काप." रात्री न्हाणीघरात बादली असते, म्हणून कुणाला आंघोळ करायची तर आधी ती जपून बाजूला सरकवावी लागते. माझे यजमान दर खेपेला कुरकुरतात, आणि दर खेपेला स्वतःच ती दोन्ही हातांनी, पाणी न हिंदकळू देता, उचलून ठेवतात.